आयातीचा पंचनामा कोण करणार?



गारपीट झाली की तलाठी येतो, पंचनामा होतो. पैसे किती आणि केव्हा मिळतात ते सोडा, पण नुकसान झाले एवढे तरी सरकार कागदावर मान्य करते. परदेशी मालाने भाव पडला तर पंचनामा कोण करतो? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि ही माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमके आपल्या वेचणीचे आणि विक्रीचे दिवस.

अमेरिकेने असा पंचनामा कायद्यात घातला होता. साल १९६२, अध्यक्ष केनेडी. आयात खुली केली की ग्राहकाला माल स्वस्त मिळणार, पण काही गिरण्या बसणार. सगळ्यांच्या फायद्याची किंमत मूठभर कामगारांनीच का मोजावी? तत्त्व चोख होते. अटी मात्र अशा की पहिली सात वर्षे कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही! (बाबू सगळीकडचा सारखाच.) नुकसान मुख्यतः आयातीमुळेच झाले आणि ती आयात शुल्क-सवलतीमुळेच वाढली, हे दोन्ही सिद्ध करायचे होते.

१९७४ मध्ये अट सैल झाली. कारखान्याचा खप किंवा उत्पादन घटले, माणसे कामावरून गेली किंवा जाण्याच्या बेतात आहेत, आणि तशाच मालाच्या वाढत्या आयातीचा त्यात महत्त्वाचा वाटा आहे, एवढे पुरे. आयात हेच मुख्य कारण असायला नको. तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चाले. पुढचा तपास श्रम खात्याचा. मालकाचे आकडे तेच मागवी, गिऱ्हाइकांनी परदेशी माल घ्यायला सुरुवात केली का हेही तेच विचारी. आमच्या मते कायद्यातली सर्वात मोलाची गोष्ट हीच. नाहीतर हातावर पोट असलेला माणूस आयातीचे आकडे आणणार कुठून? बुडालेल्या कारखान्याला सूत पुरवणाऱ्या गिरणीच्या कामगारांना मात्र या कायद्याचे दार २००२ मध्ये उघडले.

३० जुलै २००३ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील कॅनापोलिसची पिलोटेक्स ही टॉवेल-चादरींची कंपनी बंद पडली. त्या राज्यात एका दिवसात चार हजारांवर माणसे बेकार झाली. आयातीचा फटका मान्य झाला. शिक्षणाचा खर्च आणि शिकत असेपर्यंत साप्ताहिक भत्ता मिळाला. पण कित्येकांची शाळाही पुरी झालेली नव्हती. आयुष्यभर मागावर उभ्या राहिलेल्या बाईने पन्नाशीत पुन्हा पाटी हातात घ्यायची, आणि एवढे करून मिळणारे काम बहुधा कमी मजुरीचे. पन्नाशीपुढच्यांसाठी जुन्या-नव्या मजुरीतल्या फरकाची निम्मी रक्कम दोन वर्षे देण्याची तरतूद होती, तीही एकूण दहा हजार डॉलरपर्यंतच.

२००२ मध्येच शेतकऱ्यांसाठीही वेगळी तरतूद झाली. देशातला सरासरी भाव मागच्या पाच वर्षांच्या सरासरीच्या ८० टक्क्यांखाली गेला आणि त्याला आयातीचा हातभार असला, तर तुटीची निम्मी रक्कम. मेनमधल्या जंगली ब्लूबेरीवाल्यांना आणि टेक्सासच्या कोळंबीवाल्यांना ती लागू झाली. कामगारांच्या योजनेची मुदत पुढे २०२२ च्या जूनअखेर संपली आणि नवे अर्ज मंजूर होणे थांबले. व्यापार थांबला नाही, भरपाई थांबली.

आमच्यातले काही मित्र म्हणतात, हीच योजना इथे मागा. जरा पेन्सिल घ्या. समजा पाच वर्षांची सरासरी क्विंटलला ८,००० रुपये. ८० टक्के म्हणजे ६,४००. तुमचा कापूस ७,००० ला गेला, तर मध्यम धाग्याच्या ७,७१० या २०२५-२६ च्या हमीभावापेक्षा ७१० रुपये कमी मिळूनही त्या कसोटीत तुम्ही नापास! तेव्हा कसोटी आपल्या खर्चावर आणि आपल्या बाजारावर बेतलेली हवी, आणि तपास खात्याने करायला हवा. शुल्क उठवण्याचा हुकूम निघाला त्याच दिवसापासून तो सुरू व्हावा.

जिल्हा बैठकीत हाच विषय आहे. येताना मागच्या पाच हंगामांच्या कापसाच्या पट्ट्या सोबत आणा. फाटक्या असल्या तरी चालतील, तारीख आणि भाव वाचता आला म्हणजे झाले.