पारख मतदारांना आहे




'जिल्ह्याला उद्योजक खासदार हवा' हे गेल्या अंकातले पत्र वाचले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बुलडाण्यात संदीप शेळके मागे पडले ते मतदारांना पारख नसल्याने, असे पत्रलेखक म्हणतात. मला हे पटत नाही. राजर्षी शाहू मल्टीस्टेट पतसंस्थेचे शेळके अपक्ष उभे होते, तसेच रविकांत तुपकरही. तुपकरांच्या मागे मोठा पक्ष नव्हता, तरी त्यांना सुमारे अडीच लाख मते पडली. प्रतापराव जाधव निवडून आले ते जेमतेम २९ हजारांच्या फरकाने. सोयाबीन-कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेला तुपकरांसारखा माणूस लोकांनी बरोबर ओळखला. मग पारख नाही कशी?

उद्योजक म्हटला की निवडून येतोच असे नाही. इन्फोसिसचे नंदन निलेकणीही २०१४ मध्ये दक्षिण बंगळूरमधून दोन लाखांहून जास्त मतांनी पडलेच की!

पतसंस्था चालवणे सोपे नाही, हे मान्य. राधेश्याम चांडक यांनी उभी केलेली बुलडाणा अर्बन आपण बघतोच. पण कर्ज कोणाला द्यायचे नाही, हे पतसंस्था ठरवू शकते. खासदाराला थकबाकीदारही आपलाच. (माझे पीककर्ज थकले आहे, म्हणून हे जरा जास्तच जाणवते.) खामगाव-जालना रेल्वेची मागणी तर शंभर वर्षांहून जुनी. ती संचालक मंडळाच्या ठरावाने सुटत नाही, दिल्लीत चपला झिजवाव्या लागतात.

शेळक्यांनी पुन्हा जरूर उभे राहावे. आधी चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीनच्या काट्यापाशी, सभामंडपात नंतर.

– एक शेतकरी वाचक, चिखली