एनसीसीला पाठवा, पण पोट भरून आणि रक्त तपासून

दरवर्षी कॉलेज सुरू झाले की एनसीसीची भरती होते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपल्या वस्त्यांतली मुलेमुली उत्साहाने नाव देतात. दिवाळीपर्यंत त्यांतली काही गळालेली दिसतात. घरी विचारले तर उत्तरे ठरलेली. "अभ्यास बुडतो." "पोरगी उन्हात काळवंडली." "परेडमध्ये चक्कर येऊन पडली, मग बंदच केले." आमचे म्हणणे असे की, मुलांना एनसीसीतून काढू नका. चक्कर का आली, ते शोधा.

आपल्याला हा गणवेश नवा नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारखे निवृत्त सैनिक त्याविरुद्ध अर्ज लिहीत होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. ज्या मैदानाचे दार आपल्या आजोबा-पणजोबांना बंद होते, ते १९४८ च्या एनसीसी कायद्याने कॉलेजच्या मुलांना खुले झाले. उल्हासनगर तर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवरच वसले आहे. आपण पत्ता सांगताना आजही 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असेच म्हणतो.

फायदाही ठोस आहे. तीन वर्षे पूर्ण करून चांगल्या श्रेणीत 'सी' प्रमाणपत्र मिळवणाऱ्या पदवीधराला सैन्यातील अधिकारीपदाच्या एनसीसी स्पेशल एंट्रीसाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. महागडा क्लास न परवडणाऱ्या घरासाठी ही मोठी गोष्ट आहे. दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात सगळे एका पंगतीत जेवतात, एका बराकीत झोपतात. छातीवरच्या पट्टीवर आडनाव असतेच आणि आडनावावरून जात हुंगणारे तिथेही भेटतात. पण सोबत धावलेला, सोबत शिक्षा भोगलेला मित्र त्या पट्टीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. घरात बोलायला बुजणारी मुलगी शंभर जणांसमोर 'सावधान' अशी आज्ञा देते, तेव्हा तिच्या पाठीचा कणाही सरळ होतो. हेही आरोग्यच आहे.

आता शरीराचे बोलू. पहाटे उठायचे, कोरा चहा घ्यायचा, लोकलच्या गर्दीत उभे राहून कॉलेज गाठायचे आणि उपाशीपोटी दोन तास कवायत करायची, याने चक्कर येणारच. निघण्यापूर्वी एक केळे किंवा गूळ-शेंगदाणे, परेडनंतर पोळी-भाजी, उकडलेले अंडे किंवा मोड आलेली मटकी, एवढे पुरेसे आहे. पाण्याची बाटली घरूनच द्यावी.

मुलींच्या बाबतीत रक्त कमी असणे हे मोठे कारण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. 'पोरगी नाजूक आहे' असे म्हणून घरी बसवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासा. जेवणासोबत लिंबू द्या आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही.

सर्वांत महत्त्वाची तपासणी सिकलसेलची. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजातही हा आनुवंशिक आजार जास्त आढळतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूरहून कामधंद्यासाठी इकडे आलेल्या कुटुंबांनी हे विसरू नये. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कठोर व्यायाम करू नये. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, पण उन्हात, पाण्याविना, एकदम जोरात धावल्यास त्याचे स्नायू निकामी होऊ शकतात. अमेरिकन सैन्यातील ४७ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये स्नायू निकामी होण्याचा धोका सुमारे दीडपट दिसला, मृत्यूचा धोका मात्र वाढलेला नव्हता. त्या सैन्यात पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम यांचे नियम सर्वांसाठीच होते. म्हणजे वाहकाला मैदानाबाहेर काढण्याची गरज नाही, नियम पाळण्याची आहे. धावताना पाय अचानक गळून गेले, स्नायू दुखू लागले किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर 'नाटक करतो' असे म्हणू नका. सावलीत न्या, पाणी द्या आणि लगेच रुग्णालय गाठा.

२०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. सरकारी रुग्णालयात तपासणीची चौकशी करा. विहार समित्यांनी भरतीच्या आधी एक रविवार हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणीसाठी ठेवावा. अहवाल मात्र ज्याचा त्याच्या हाती द्यावा, वस्तीत चर्चा नको. विशेषतः मुलींच्या लग्नाच्या बाजारात तो जाता कामा नये.

जयंतीच्या मिरवणुकीत आपण मुलांना शिस्तीत चालायला सांगतो. वर्षभर ती शिस्त शिकायला जाणाऱ्या मुलाच्या डब्याची आणि रक्ताची काळजीही आपणच घ्यायला हवी.