पक्षत्याग आणि पदत्याग

आपल्या प्रांतातील एखादा पुढारी स्वतःच्याच पक्षाविरुद्ध उभा राहिला, की आपणांपैकी बहुतेकांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो 'शाबास!' हा होय. त्याने तसे का केले, हे मागाहून विचारण्यात येते; पुष्कळदा विचारण्यातच येत नाही. दिल्लीपुढे मान न तुकविणारा एक मराठी माणूस दिसला, एवढ्याने आपले समाधान होते. हे समाधान फार स्वस्त आहे. आणि ज्या पुरुषाच्या नावाने ते आपण सर्वांत अधिक भोगतो, त्याच्यावर त्यामुळे अन्यायच होत आला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अहमदाबादच्या हमरस्त्यापासून घोडबंदरचा रस्ता जेथे वेगळा होतो, त्या काशीमीरा येथे प्रस्तुत लेखकाचे बिऱ्हाड आहे. परवा सायंकाळी आमच्या इमारतीतील चारचौघे खाली बाकावर बसले असता गोष्ट चिंतामणराव देशमुखांवर आली. एक निवृत्त गृहस्थ आवेशाने म्हणाले, "मुंबईसाठी अर्थमंत्रिपद लाथाडले! बंडखोर असावा तर असा." शेजारी आमचे एक गुजराती स्नेही बसले होते. त्यांचा जन्म मुंबईतला, आणि मराठी आमच्याइतकेच चांगले. ते सौम्यपणे म्हणाले, "तुमच्यासाठी लाथाडले म्हणून ते थोर. आमच्यासाठी लाथाडले असते, तर?" यावर कोणी काही बोलले नाही, आणि थोड्याच वेळात मंडळी उठली. तो प्रश्न अनुत्तरित राहणे बरे नव्हे.

हकीकत सर्वश्रुत असली तरी तपशील विसरले गेले आहेत. देशमुख हे महाडजवळच्या नाते गावचे. जन्म १८९६ चा. सनदी सेवेतून चढत ते १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० साली देशाचे अर्थमंत्री झाले, आणि १९५२ साली काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून लोकसभेत निवडून आले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. शहरात गोळीबार झाले, माणसे मेली. जूनमध्ये पंडित नेहरूंनी मुंबईतच तो बेत पुन्हा जाहीर केला. देशमुखांनी राजीनामा दिला आणि २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत उभे राहून त्याची कारणे सांगितली.

या निवेदनात दोन तक्रारी होत्या. महाराष्ट्राविषयी केंद्राच्या मनात आकस आहे, ही पहिली. ती आपण तोंडपाठ केली आणि देशमुखांस महाराष्ट्राचा कंठमणी ठरविले. दुसरी तक्रार अशी, की एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न आणता जाहीर करण्यात आला. आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी मागितली असता ती नाकारण्यात आली. पंडितजींनी हा आरोप मान्य केला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि आरोपाचे स्वरूप लक्षात घ्या. निर्णय कोणाच्या बाजूचा, एवढाच हा प्रश्न नव्हे. तो कोणी, कोठे, कोणास विचारून घेतला, असा हा प्रश्न आहे. देशातील अत्यंत लोकप्रिय पंतप्रधानास त्याच्याच अर्थमंत्र्याने भर सभागृहात हे विचारले. आमच्या गुजराती स्नेह्यांस उत्तर द्यावयाचे ते येथून. पहिल्या तक्रारीपुरते देशमुख आमचे आहेत. दुसऱ्या तक्रारीने ते त्यांचेही आहेत. उद्या मुंबईचा निर्णय मराठी माणसाच्या लाभाचा परंतु असाच परस्पर झाला असता, तरी ही तक्रार तितकीच खरी ठरली असती.

यावर दोन आक्षेप येतात. बंडखोरीने काय साधले, असा पहिला. यशवंतराव चव्हाण त्या वादळात पक्षातच राहिले, लोकांचे शिव्याशाप त्यांनी सोसले, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा राज्याची धुरा त्यांच्याच हाती होती. हे खरे आहे, आणि चव्हाणांचे ऋण नाकारण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. परंतु बाहेरचा क्षोभ नसता तर आतल्या माणसाच्या मसलतीस वजन कोठून आले असते? शिवाय चव्हाणांचा दाखला आजकाल असे लोक देतात, की ज्यांनी आत राहून कोणाच्या कानी एक अक्षरही घातलेले नसते.

दुसरा आक्षेप असा, की त्याच सरकारने त्याच वर्षी देशमुखांस विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद दिले. मग त्याग तो कसला? ज्यास अर्थखाते आणि अनुदान मंडळ यांतील अंतर कळत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पाहावयाचे ते निराळेच. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट उसळली होती. त्या लाटेवर स्वार होण्याचा देशमुखांइतका अधिकार दुसऱ्या कोणास होता? ते उभे राहिले नाहीत. बंडाचा हुंडा त्यांनी घेतला नाही.

योगायोग असा, की त्याच नाते गावात जन्मलेल्या दुसऱ्या गृहस्थांनी एकोणीस वर्षांनी हाच मार्ग धरला. जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा, असे जाहीरपणे म्हटल्याबद्दल मोहन धारियांस मार्च १९७५ मध्ये इंदिरा गांधींनी राज्यमंत्रिपदावरून दूर केले. पुढे आणीबाणीत त्यांस तुरुंग घडला. १९७७ साली ते केंद्रात मंत्री झाले हे खरे; परंतु तुरुंगाचे दार आत ढकलताना दुसऱ्या बाजूस मंत्रालय आहे, हे कोणास ठाऊक होते?

आता आपल्या राज्यातील इतर बंडांकडे वळू. १९७८ च्या जुलैत, २०२२ च्या जूनमध्ये, २०२३ च्या जुलैत पक्ष दुभंगले. आणि प्रत्येक वेळी वेगळे होणे व शपथ घेणे यांत अंतर पडले ते फार तर थोड्या दिवसांचे. या मंडळींची कारणे खरी असतीलही. आम्ही त्यांच्या अंतःकरणात शिरू शकत नाही. परंतु सोने कसास लागलेच नाही, तर ते शुद्ध आहे असे तरी कशावरून म्हणावे? ज्याने पक्ष सोडला पण खुर्ची वाढवून घेतली, त्याने स्थलांतर केले. त्यास बंड म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

कायद्यानेही येथे उलटाच न्याय लावला आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या एकट्या सभासदाची जागा धोक्यात घातली. विलीनीकरणाच्या नावाने दोनतृतीयांशांचा जथा गेला तर त्यास मात्र अभय दिले. एकट्याची सदसद्विवेकबुद्धी हा अपराध, आणि घोळक्याची सोय हे तत्त्व! हा कायदा सरकार पाडणाऱ्या वा तारणाऱ्या मतांपुरता मर्यादित करावा, आणि अन्य सर्व प्रश्नांवर सभासदास मोकळे सोडावे. उद्याचा देशमुख सभागृहात हवा असेल, तर एवढी वाट त्यास दिलीच पाहिजे.

शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या एका समितीपुढे एका तरुण सहकाऱ्यास कमी करण्याचा ठराव आला. निर्णय अगोदरच अन्यत्र झाला होता; सभेचा केवळ उपचार होता. प्रस्तुत लेखकास ते कळत होते. त्याने इतिवृत्तावर सही केली, आणि त्याच आठवड्यात वर्गात १९५६ चा राजीनामा मोठ्या रसाने शिकविला. मुले मन लावून ऐकत होती. त्या दिवसापासून 'शाबास' हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळते. ती सर्वांचीच थोडी अडखळावी, एवढ्यासाठी हे लिहिले.