वेदीपाशी खाजगी काय?

‘कम्युनियन हा माझा आणि प्रभूचा खाजगी प्रश्न आहे, त्यात इतरांनी डोकावू नये,’ असे अलीकडे चांगल्या सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. बोलणाऱ्यास त्यात भक्ती वाटते. आम्हांस मात्र त्यात प्रभुभोजनाचा विपर्यास दिसतो.

करिंथच्या मंडळीचे असेच झाले होते. इसवी सनाच्या सहाव्या दशकात संत पौलाने इफिसहून त्यांना पत्र लिहिले. त्याच्या कानी आलेली ही तक्रार सिद्धान्ताची नव्हती, ताटाची होती. एकत्र जमल्यावर ज्यांच्यापाशी होते ते आधीच जेवून घेत, कुणाला मद्य चढे आणि ज्यांच्यापाशी नव्हते ते उपाशी राहत. हे प्रभुभोजन नव्हेच, असे पौलाने त्यांना रोखठोक बजावले. भाकर एक म्हणून आपण सारे एक शरीर, हे तो त्याच पत्रात आधी सांगून बसला होता. म्हणून शरीर न ओळखता खाणाऱ्यास त्याने दिलेला इशारा शेजारच्या उपाशी बंधूलाही कवेत घेतो, असे आम्ही मानतो. मग खाजगी उरले काय?

रोममध्ये एके काळी एक सुंदर प्रथा होती. रविवारी पोप आपल्या मिस्सेतील पवित्र भाकरीचे अंश नगरातील इतर चर्चकडे पाठवीत, कारण तेथील धर्मगुरूंना आपले लोक सोडून त्यांच्या वेदीपाशी येता येत नसे. पोप पहिले इनोसंट यांनी ४१६ साली गुब्बियोच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात तिचा उल्लेख आहे. एकतेचा एवढासा तुकडा घेऊन माणसे नगरभर चालत! आज मिस्सेत पोपचे व आपल्या बिशपांचे नाव घेतले जाते, तेव्हा किती जण घड्याळाकडे पाहत असतात, हे वेदीवरून आम्हांस चांगले दिसते.

केरळातील सिरो-मलबार सभेत धर्मगुरूने मिस्सेत कोणत्या दिशेला तोंड करावे, यावरून २०२१ सालच्या सिनॉडनंतर वाद पेटला आणि २०२२च्या नाताळच्या तोंडावर एर्नाकुलमच्या कॅथेड्रलमध्ये वेदीपाशीच झोंबाझोंबी झाली. एकतेचा संस्कार भांडणाचे हत्यार झाला. आपल्याकडे ती बातमी चवीने वाचली गेली.

पण आपल्या धर्मग्रामाचे काय? बांधाच्या हातभर जागेवरून अबोला धरलेली दोन सख्ख्या भावांची घरे आमच्या पाहण्यात आहेत. एकाने रविवारची पहिली मिस्सा घेतली, दुसऱ्याने दुसरी. दोन्ही घरे नेमाने ख्रिस्तशरीर स्वीकारतात, ‘आमेन’ही मोठ्याने म्हणतात. आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला नाइलाजाने एकत्र आले, तर शांतीची खूण देताना एकाला बुटाची नाडी बांधण्याची आठवण झाली!

आम्ही कोणाला रांगेतून परत पाठविणार नाही. परंतु येत्या रविवारपासून शांतीच्या खुणेनंतर आम्ही वेदीपाशी थोडा वेळ थांबणार आहोत. ज्याला हा खोळंबा खटकेल त्याने पाद्रीघरी यावे, भावाला सोबत घेऊन.