तापणारी गाडी आणि निदानाची मजुरी

वैशाखात खंबाटकीचा चढ असो वा कसाऱ्याचा, बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या मोटारी आजही दृष्टीस पडतात. आणि त्यांच्या मालकांशी दोन शब्द बोलावे, तर बहुतेकांकडून एकच हकीगत ऐकू येते, की रेडिएटर गेल्याच वर्षी नवा बसवला, वॉटर पंप बदलला, पैसे पुष्कळ गेले, परंतु घाट लागला की काटा तांबड्या रेघेकडे सरकतोच. गाडी जुनी झाली, असा निष्कर्ष मालक काढतो, मिस्त्री त्याला दुजोरा देतो, आणि पंधरा वर्षे उलटल्यावर पर्यावरण कर भरून, नोंदणीची मुदत वाढवून ज्या गाडीला ममत्वाने सांभाळले, तिची रवानगी अखेर भंगारात होते. माझे मत असे आहे, की यात वयाचा अपराध थोडा आणि कारण शोधण्यापूर्वी उपाय करून मोकळे होण्याच्या आपल्या वहिवाटीचा अपराध मोठा. आणि या वहिवाटीची जबाबदारी गॅरेजवाल्यापेक्षा आपणा गाडीमालकांवर अधिक येते.

इंजिनात जळणाऱ्या इंधनातून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एकतृतीयांश हिस्साच उपयुक्त कामी लागतो. तेवढाच हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो आणि जवळजवळ तितकाच पाण्याच्या अभिसरणाने रेडिएटरपर्यंत नेऊन हवेत सोडून द्यावा लागतो. तेव्हा गाडी तापते याचा अर्थ इतकाच, की या व्यवस्थेत कोठेतरी खंड पडला आहे: पाणी कमी आहे, किंवा ते फिरत नाही, किंवा फिरूनही त्यातील उष्णता हवेला मिळत नाही, किंवा मुळात उष्णताच वाजवीपेक्षा अधिक निर्माण होत आहे. शेवटच्या कारणाचा तर अनेकांना विसरच पडतो. इग्निशनचे टायमिंग मागे गेले, कार्बोरेटरमधून पेट्रोल अपुरे येऊ लागले, अथवा ब्रेक सुटेनासे होऊन चाक धरू लागले, तर नवाकोरा रेडिएटरही अपुरा पडतो, आणि दोष मात्र त्याच्या माथी मारला जातो.

गाडी केव्हा तापते, हा प्रश्न या सर्व तपासात सर्वांत मोलाचा. आणि त्याला एक पैसाही खर्च होत नाही. सिग्नलवर उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर हवेच्या पुरवठ्याकडे पाहावे: मारुती ८०० सारख्या गाडीत विजेचा पंखा, त्याचा स्विच, रिले आणि फ्यूज, पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडरमध्ये पंखा फिरवणारा पट्टा सैल झाला आहे काय, हे. उलट, शहरात गाडी शहाण्यासारखी चालते आणि घाटात किंवा भरधाव वेगात तापते, तर पंखा बहुधा निर्दोष असतो, आणि संशय रेडिएटरच्या चोंदलेल्या नळ्यांवर, झिजलेल्या पंपावर किंवा आतून मऊ पडून ऐन वेगात चपट्या होणाऱ्या खालच्या होज पाइपवर जातो. सुरू केल्यापासून पाचदहा मिनिटांतच काटा चढत असेल, तर थर्मोस्टॅट मिटलेल्या अवस्थेत अडकला आहे, किंवा पाणी भरताना आत हवा राहून गेली आहे, असे समजावे. गळती कोठेच दिसत नाही आणि पाणी मात्र रोज घटते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, तेलाला दुधाळ रंग चढतो, तर हेड गॅस्केटची शंका घेण्यास पुरेसे कारण आहे. एवढे प्रश्न विचारण्याआधीच जो पाना हातात घेतो, त्याचे काम अदमासाने चालले आहे, असे खुशाल समजावे.

रेडिएटरच्या झाकणासारख्या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूचेच पाहा. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. परंतु या झाकणातील स्प्रिंग, गाडीच्या बनावटीनुसार कमीअधिक, समजा ०.९ बारचा दाब धरून ठेवते, तेव्हा आतले पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाच्या आतले रबरी कडे वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन तडकले, की हा दाब टिकत नाही आणि तीच गाडी, त्याच चढावर, १०० अंशांनाच उकळ्या फोडू लागते. मधोमध असलेली दुसरी इवलीशी झडप अडकून बसली, तर बाहेरच्या बाटलीत गेलेले पाणी इंजिन थंड झाल्यावर परत ओढले जात नाही. झाकण उलटे करून रबर बोटाने चाचपावे, झडप नखाने उचलून पाहावी. अर्थात इंजिन पुरते निवल्यावरच, कारण तापलेले झाकण उघडणाऱ्याचे हात आणि तोंड भाजल्यावाचून राहत नाही. रेडिएटरच्या तुलनेत या झाकणाची किंमत नगण्य. तरीही रेडिएटर आधी बदलला जातो.

या अंदाजपंचे कारभाराचा सर्वांत शोचनीय मासला म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची प्रथा. पितळी कड्याच्या मधोमध मेण भरलेली एक लहानशी कुपी आणि तिच्याभोवती स्प्रिंग, एवढीच याची रचना; पाणी ८०-८५ अंशांच्या घरात पोहोचले, की मेण वितळून प्रसरण पावते, झडप उचलली जाते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. हा भाग चांगला की वाईट, याची खातरजमा करण्यासाठी पातेलेभर पाणी, तापमापक आणि दोरा पुरेसा आहे: तळाला टेकणार नाही असा थर्मोस्टॅट पाण्यात लोंबता सोडावा, खाली आच द्यावी, झडप कितव्या अंशाला हलू लागते आणि निवल्यावर पूर्ण मिटते की नाही, ते डोळ्यांनी पाहावे. एवढ्या सोप्या परीक्षेऐवजी ‘आपल्या हवेत याची गरजच नाही’ असा निवाडा देऊन तो काढून टाकतात, आणि मालकही काटा खाली आल्याचे पाहून समाधान मानतो. परंतु त्या इंजिनाला यापुढे योग्य तापमान गाठण्यास फार वेळ लागतो, पेट्रोल अधिक जळते, तेलात ओलावा साठतो, सिलिंडर अकाली झिजतात. आणि ज्या इंजिनांत हीच झडप उघडताना पाण्याची आडवाट बंद करते, तेथे ती काढल्याने काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परतते, म्हणजे घाटातला ताप उलट वाढतो.

पाण्याबाबतही हीच बेफिकिरी आहे. दख्खनच्या पठारावरील कित्येक विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड. त्यातील क्षार तापलेल्या धातूवर बसून रेडिएटरच्या अरुंद नळ्या चोंदवतात आणि साध्या पाण्याने आतला धातू गंजतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरावे आणि ठरल्या मुदतीने बदलावे, हा नियम जुन्या गाडीला तर अधिकच लागू आहे. शिवाय अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचे हेड असलेले इंजिन एकदा जरी बेसुमार तापले, तरी हेड वाकण्याचा धोका असतो. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून त्याची सपाटी न तपासता नवे गॅस्केट घातले, तर ते थोड्याच अवधीत पुन्हा जाते, आणि मग गॅस्केट नकली निघाले, अशी फिर्याद सुरू होते.

आता प्रश्न असा, की हे सर्व ठाऊक असणारा मिस्त्रीही तपास का टाळतो? माझ्या मते याचे उत्तर त्याच्या अज्ञानात नसून आपल्या व्यवहारात आहे. वैद्याने औषध न देता नुसती प्रकृती पाहिली, तरी त्याची फी आपण बिनतक्रार देतो. मिस्त्रीने मात्र दोन तास खपून पंखा, पट्टा, झाकण आणि टायमिंग तपासले आणि शेवटी एक फ्यूज बदलला, तर ‘फ्यूजचे एवढे पैसे?’ असा सवाल आपण करतो. भाग बदलला तरच मजुरी पदरात पडणार असेल, तर भाग बदलण्याकडेच हात वळणार, हे उघड आहे. उस्तादाच्या हाताखालचा पोऱ्या जे पाहतो तेच शिकतो. निदानाला मोल मिळताना त्याने कधी पाहिलेच नाही, तर निदानाची विद्या त्याने आत्मसात करावी तरी कशासाठी?

यावर आक्षेप असा घेतला जाईल, की तपासणीचे पैसे घेऊनही कोणी अदमासच सांगितला तर काय करावे. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा इलाजही ग्राहकाच्याच हाती आहे: काय तपासले, काय आढळले आणि त्यावरून कोणता भाग सदोष ठरला, हा तपशील बिलावर लिहून मागावा, आणि बदललेला जुना भाग परत घ्यावा. ज्याने खरोखर तपास केला आहे, त्याला चार ओळी लिहिणे जड जात नाही.

तेव्हा ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, त्या सर्वांना माझी विनंती आहे, की पुढच्या खेपेस काटा चढला, तर प्रथम गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, ते कोणत्या वेळी, कोणत्या वेगात आणि सुरू केल्यापासून किती अवधीने तापले, हे कागदावर टिपून ठेवा, आणि गॅरेजमध्ये गेल्यावर ‘रेडिएटर बदला’ असा हुकूम सोडण्याऐवजी तो कागद मिस्त्रीच्या हाती देऊन सांगा, की आधी कारण शोधा, तपासणीची मजुरी वेगळी देतो. आणि मग ती मजुरी, घासाघीस न करता, खरोखर द्या.