पेशींचा आकारही कळावा

वार्षिक तपासणीच्या अहवालात लघवीत तांबड्या पेशी आढळल्याची नोंद असते. त्या कशा दिसल्या, याचा उल्लेख मात्र क्वचितच. ही उणीव लहान नव्हे. मूत्रपिंडातील गाळणीच्या सूक्ष्म जाळीतून रेटून बाहेर पडलेली पेशी वेडीवाकडी होते, तिला फुगवटे येतात. मुतखड्यामुळे वा मूत्राशयातून आलेली पेशी बहुधा गोलच राहते. बर्च व फेअरली या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७९ साली हा भेद मांडला. तो ओळखण्यास सूक्ष्मदर्शकावरची जाणती नजर हवी आणि नमुना ताजा हवा. बंगळूरच्या रहदारीत घरून नेलेला नमुना तासन्‌तास अडकला, तर पेशी फुटून जातात आणि तपासणीची पट्टी तेवढी रक्त दाखवते! म्हणून नमुना प्रयोगशाळेत जाऊन द्यावा व आकाराची नोंद मागून घ्यावी, हे बरे. वाकड्या पेशींसोबत लघवीत प्रथिनेही असतील वा रक्तदाब वाढलेला असेल, तर मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब नको. व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात शासकीय नेफ्रो-युरॉलॉजी संस्था आहेच. पेशी गोल निघाल्या म्हणूनही, विशेषतः चाळिशीनंतर, निर्धास्त राहता येत नाही. मूत्राशयातील गाठीचा रक्तस्राव पुष्कळदा वेदनेविनाच होतो.