ओझं कोणाच्या पाठीवर?

फलटणच्या दक्षिणेला शंभू महादेवाची डोंगररांग आहे. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडकडून आलेली तेल्या भुत्याची कावड शिखर शिंगणापूरला जाताना मुंगी घाट चढते. कित्येक दिवसांची पायपीट, वाटेतले मुक्काम, पंगती आणि शेवटी अंगावर येणारा कडा. कऱ्हेच्या पाण्याने भरलेले रांजण जड. म्हणून भाविक एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि कावड वर सरकते. यात्रेकरू वेगळा, हमाल वेगळा, असं इथे नाहीच.

हिमालयातल्या आठवडाभराच्या ट्रेकला आपल्याकडचे पुष्कळ जण आता जातात. तिथे तंबू, गॅस, शिधा दुसऱ्याच्या पाठीवर असतो. आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर तर हमालाकडे द्यायच्या सामानाला २० किलोंची मर्यादा आहे. आपण मात्र पैसे भरताना जेवणात काय काय मिळणार हे विचारतो, ओझ्याचं विचारत नाही. हे बरोबर नाही.

म्हणून वाचकांना विनंती: नाव नोंदवण्याआधी आयोजकांना विचारा. हमालाच्या पाठीवर किती किलो? त्याला बूट, गरम कपडे, विमा आहे का? रात्री तो झोपतो कुठे? नीट उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नका.